आपट्याची शेंग

दसरा दहा-बारा दिवसांवर आला की मनीषनगरच्या सोसायट्यांमध्ये एकच प्रश्न फिरू लागतो : यंदा सोने कुठून आणायचे? बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचनाची पाने सर्रास खपवतात. कांचनाचे पान मोठे, मऊ. आपट्याचे लहान आणि राठ. पण सणाच्या गर्दीत पान निरखून कोण घेतो? नंदिनीच्या सोसायटीला मात्र हा घोर गेली आठ वर्षे नव्हता. नवमीच्या संध्याकाळी मौद्याकडून टेम्पो यायचा आणि पार्किंगमध्ये अस्सल आपट्याच्या फांद्यांचा ढीग पडायचा. शेजारच्या इमारतींतली माणसे येऊन ओंजळभर मागून न्यायची. देताना सोसायटीची छाती जराशी फुगायची.

यंदा तेच गाडे अडले होते. म्हणून सोसायटीचे सचिव रुपरावजी सकाळीच नंदिनीच्या दारात उभे होते आणि ‘या ना काका’ म्हटले तरी उंबरा ओलांडत नव्हते.

“नाही वं बेटा, अथूनच सांगतो,” ते म्हणाले. “तुमच्या घरी यंदा सण नाही, समजते मले. बोलू का नको, हेच जिन्यात उभं राहून ठरवून राहिलो होतो.”

नंदिनीची आई, शामलाबाई, जाऊन चार महिने झाले होते. घर दोघींचेच होते, आता एकीचे. रुपरावजींनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहून हात जोडले आणि मग काम सांगितले. नेहमीच्या टेम्पोवाल्याने गाडी विकली होती. नवा माणूस ठरवला, पण त्याला आपट्याची जागा ठाऊक नव्हती. रुपरावजींचा जुना मोबाईल पाण्यात पडला, त्यात शामलाबाईंच्या आपट्याच्या चित्राचा फोटोही गेला. “मॅडमच्या त्या चित्राच्या कोपऱ्यात जागा लिहून होती ना, तेवढी पाहून सांग. बाकी तुले काही त्रास नाही.”

पाहून सांगते, असे नंदिनी म्हणाली. त्यात न सांगण्यासारखे काही आहे, असे तिच्या मनातही आले नाही.

शामलाबाई एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक काम हाती घेतले होते : विदर्भाच्या मातीतली झाडे काढायची. मोह, तेंदू, बिबा, धावडा, ऐन, कळंब, पळस. एका झाडाला एक कागद. फोटोवरून त्या काढत नसत. झाडापाशी जायचे, एक डहाळी मागून घ्यायची, स्टीलच्या पेल्यात पाण्यात ठेवायची आणि ती कोमेजायच्या आत रंगवायची. आधी पान, मग मोसम आला की फूल, मग फळ, शेवटी बी. त्याच झाडाचे सगळे हवे. पान एकाचे आणि फूल दुसऱ्याचे त्यांना चालत नसे. त्यामुळे एका चित्राला निदान एक वर्ष लागे. चित्र सुरू करतानाच उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने झाडाची जागा लिहायची आणि पुरे झाले की तारीख. माणसाचे नाव लिहिले की गाव लिहितोच ना, तसेच झाडाचे, असे त्या म्हणत.

एकतीस झाडे पुरी झाली होती. शामलाबाईंची जुनी विद्यार्थिनी मोनाली, जी आता स्वतः चित्रकला शिकवायची, तिने माघात बाईंच्या वाढदिवशी शाळेच्या सभागृहात प्रदर्शन भरवायचे ठरवले होते. फक्त बत्तिसावे चित्र अपुरे होते. ते आपट्याचे.

नंदिनीने आईचे कागद काढले. आपट्याचे चित्र सर्वांत खाली होते. दोन पाळ्यांची राठ पाने, प्रत्येक शिरेसकट. फिकट पिवळसर फुलांचा तुरा. त्याखाली पेन्सिलीने आखलेली एक लांबट जागा, आणि ती कोरी. तिथे शेंग यायची होती.

आणि उजवा कोपराही कोराच होता. नाही, कोरा नव्हता. तिने कागद खिडकीपाशी नेऊन तिरपा धरला. खोडरबराने घासून घासून तिथला कागद विरळ झाला होता. आईने जागा खोडली होती! मग तिने बाकीची चित्रे पाहिली. पहिल्या चौदा झाडांना ठिकाण होते. आपट्यानंतर काढलेल्या एकाही झाडाला नव्हते. नुसती तारीख.

तिच्या स्वतःच्या फोनमध्ये मात्र तो जुना फोटो होता. नऊ वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला, चित्रात नुसती पाने असतानाच, तिनेच सोसायटीच्या ग्रुपवर पाठवलेला. ‘माझ्या आईने काढलेला आपटा. सर्वांना दसऱ्याच्या शुभेच्छा.’ खाली बहात्तर जणांनी हात जोडले होते. आणि कोपऱ्यात आईच्या सुबक अक्षरात झाडाचा पूर्ण पत्ता : तालुका मौदा, गावाचे नाव, शालिकराम यांच्या शेतालगतची पांदण.

तो पत्ता तिला एका मिनिटात रुपरावजींना पाठवता आला असता. बोट फोनवर गेलेही. पण आईने जे इतके घासून पुसले, ते शालिकरामांना विचारल्याशिवाय पुढे कसे द्यावे? रविवारी ती मौद्याला निघाली. जाताना आईचा चित्राचा कागद पुठ्ठ्यात घालून सोबत घेतला. शेंग मिळालीच तर ती मोनालीने काढायची होती; आखलेल्या जागेशी ताडून पाहावी, एवढाच तिचा हेतू होता.

औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसू लागल्यावर गाडी आतल्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या धानाच्या बांध्या होत्या आणि त्यांच्यामधल्या उंच धुऱ्यांवर तूर उभी होती. शालिकराम पंचाहत्तरीचे असतील. धुऱ्यावर बसून विळ्याला धार लावत होते. तिने नाव सांगण्याआधीच त्यांनी तिला ओळखले.

“मास्तरीणबाईची पोरगी ना तू? चेहऱ्यावरूनच समजते.” मग विळा बाजूला ठेवून म्हणाले, “मले उशिरा समजलं, बाई. नाहीतर आलो असतो.”

ते तिला पांदणीवर, शेतांमधल्या गाडीवाटेवर, घेऊन गेले. नंदिनी इथे एकदाच आली होती, चित्र सुरू झाले त्या वर्षी. तेव्हा पांदणीच्या कडेने सात आपटे होते, एकमेकांत फांद्या गुंतवून उभे. आता तीन होते. दोन म्हणजे नुसती खोडे, त्यांवर पंज्यासारखे फुटलेले बारके धुमारे. तिसरा तेवढा झाड म्हणावा असा होता. त्याच्या फांद्यांना ठिकठिकाणी गाठी आल्या होत्या, जिथून दरवर्षी तोडले तिथे. आणि त्या गाठींमधून फुटलेल्या कोवळ्या फांद्यांना चपट्या, किंचित वाकलेल्या हिरव्या शेंगा लोंबत होत्या.

“हीच!” नंदिनी म्हणाली. “काका, हीच शेंग आईच्या चित्रात राहिली.”

“हे कवळी आहे. ह्याच्यात बी भरलं नाही अजून. पिकाले पौष उजाडते.” शालिकरामांनी शेंग नुसती तळहातावर तोलली, तोडली नाही. “पण पौषापर्यंत राहिली पाहिजे ना. नवमीले टेम्पो येते.”

“आमच्या सोसायटीचा? पण तो तर नुसत्या पानांसाठी येतो ना?”

म्हाताऱ्याने तिच्याकडे नीट पाहिले. हिला खरेच माहीत नाही, हे बहुधा तेव्हा त्यांच्या ध्यानात आले.

त्यांनी सगळे सावकाश सांगितले. चित्र सुरू झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी नवमीला एक टेम्पो पांदणीवर आला. माणसे कोयते घेऊन उतरली. शालिकरामांनी विचारले तर त्यांनी मोबाईलमधले चित्र दाखवले. मास्तरीणबाईंचेच चित्र, त्यांचेच अक्षर. म्हणाले, मॅडमच्या सोसायटीतून आलो, जागा त्यांनीच लिहून दिली. शालिकरामांना वाटले, बाईंनीच पाठवले असतील. त्यांनी स्वतः माणसांना पाणी दिले. मग शामलाबाई पौषात शेंगेसाठी आल्या, तेव्हा झाडांना पान नव्हते, शेंग कुठली?

“पुढच्या वर्षी म्या अडवलं,” ते म्हणाले. “तर म्हणे, पांदण काय तुह्या बापाची हाय? खरंच हाय, पांदण सरकारी. त्याच्यामागून आणखी दोन गाड्या येऊ लागल्या. शेंग पिकत नाही तर बी पडत नाही, बी पडत नाही तर रोपटं कोठून येईन? जुनी वाळली, नवं काही आलं नाही. सातातले चार असे गेले.”

“आईने मला का नाही सांगितलं?”

“म्या बी हेच म्हटलं तिले. तर म्हणे, पोरीनं मोठ्या कौतुकानं चित्र पाठवलं, शालिकरामजी. तिच्या कौतुकानं झाडं मेली हे तिले कोणत्या तोंडानं सांगू?”

नंदिनी पांदणीवरच बसली. तिला एकेक दसरा आठवू लागला. पार्किंगमध्ये ढीग उपसणारी, मुलांच्या ओंजळी भरणारी, ‘घ्या हो, अस्सल आहे’ म्हणणारी ती. आणि संध्याकाळी सगळे पांगल्यावर, पायदळी गेलेल्या पाचोळ्यातून वाकून वाकून काहीतरी वेचणारी आई. त्या हिरव्या शेंगा होत्या. वर्तमानपत्रावर पसरून आई त्या गॅलरीत ठेवायची आणि चार दिवसांत त्या काळ्या पडून सुरकुतायच्या. नंदिनी चिडून म्हणायची, काय गं हा कचरा घरात. एकदाच, फक्त एकदाच, आई म्हणाली होती, “मोठ्याच्या हातावर ठेवायला एक पान पुरतं ना गं?” त्यावर नंदिनी हसून म्हणाली होती, “वर्षातून एकच तर दिवस असतो, आई.”

तिने पुठ्ठ्यातून कागद काढला. झाडाशेजारी धरून पाहताना तो उलटा झाला. मागच्या बाजूला, अगदी खालच्या कडेला, बारीक अक्षरांत ओळी होत्या. घरी तिने कागदाची पाठ पाहिलीच नव्हती. आठ ओळी, आठ पौषांच्या तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे तेच दोन शब्द : शेंग नाही.

तिने कागद पुठ्ठ्यात परत ठेवला. एवढेच म्हणाली, “मी लोकांना आईच्या झाडाचा पत्ता दिला, काका.”

शालिकराम तिच्या शेजारी टेकले. “पाह्य, पोरी. पत्ता देणं काही पाप नाही. थे चित्रच तं झाड लोकायनं ओळखावं म्हणून काढलं होतं. ओळख झाली का माणूस घरी जाते, बसते, पाणी पेते. घर लुटत नाही. आमच्या गावात दसऱ्याले काय करत? पोरगा झाडाजवळ जाये, हळदकुंकू वाहे, एक डगाल तोडून घेये. तेवढ्यात गावभर पान पुरे. मोठ्याच्या हातावर एक पान ठेवा, पाया पडा, झालं सोनं. तुम्ही तं सोन्याचा ढीग केला अन् त्याच्यावरून चालून गेले. ज्याच्यावर पाय पडते थे सोनं कसं?”

मग ते म्हणाले, “तुही माय देवमाणूस होती. पण थे बी चुकली वं. बोलाले पाहिजे होतं. तिनं लाजेपायी तोंड बंद ठेवलं, म्या तिच्यापायी ठेवलं, अन् झाडाले तं तोंडच नाही.”

सोसायटीची सभा बुधवारी होती. ज्या घरात दुखवटा आहे, तिथल्या माणसाने सणाच्या बैठकीला जाऊ नये, हे नंदिनीला ठाऊक होते. ती गेली. तिला पाहून दोघी-तिघी जणी कुजबुजल्या. रुपरावजी खुश झाले. त्यांना वाटले, पत्ता घेऊन आली.

तिने जे कळले ते सांगितले. फार लांबवले नाही. टेम्पो पाठवू नये, शालिकराम आपल्या हाताने एक डहाळी तोडून देतील, तेवढ्यात सगळ्यांचे भागवावे, असे म्हणाली.

लगेच बोलाचाली सुरू झाली. कोणी म्हणाले, आपण नाही तोडले तर दुसरे तोडतीलच. कोणी म्हणाले, आपलेच सण बरे दिसतात सगळ्यांना. रुपरावजींचा स्वर चढला होता. “एका डगालीत अठ्ठेचाळीस घरं? लोक हसतील आपल्यावर! अन् झाड फुटते वं पुन्हा. मी इंजिनिअर माणूस, कास्तकाराचा पोरगा हो, मले काय झाड समजत नाही?”

“फुटतं, काका. आठ वर्षं फुटतच आलं बिचारं,” नंदिनी म्हणाली. “तुम्ही आणि मी त्याला फुटण्यापलीकडे काही करूच दिलं नाही. दुसरे तोडतील हेही खरं आहे. त्यांना मी थांबवू शकत नाही. पण तो पत्ता त्यांच्या हाती माझ्याकडून गेला. निदान आपला टेम्पो तरी मी थांबवायला हवा.”

तिने कागद त्यांच्या समोर ठेवला. आधी चित्राची बाजू, मग पाठ.

रुपरावजींनी चष्मा लावला. पहिल्या ओळीवर त्यांचे बोट गेले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. ते तारखा वाचत होते आणि त्या प्रत्येक वर्षीचा टेम्पो त्यांनीच ठरवलेला होता. आठव्या ओळीवर बोट थांबले.

“दर दसऱ्याले मी मॅडमच्या हातावर सोनं ठेवत होतो,” ते म्हणाले. “पाया पडत होतो. मले म्हणत, सुखी राहा, रुपरावजी. अन् मनात हे लिहून राहिल्या होत्या.” त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “नाही पाठवत टेम्पो. ज्याले हसायचं त्यानं हसावं.”

सगळ्यांना हे पटले असे नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराने बाजारातून पोतेभर पाने आणली, आणि ती कांचनाची निघाली. पण दसऱ्याच्या संध्याकाळी पार्किंगमध्ये ढीग नव्हता. दीक्षाभूमीच्या गर्दीमुळे रस्ते अडलेले होते, तरी शालिकरामांनी एसटीने, ओल्या फडक्यात गुंडाळून, हातभर डहाळी वेळेत पोहोचवली. तिची पाने खुडून परडीत ठेवली. प्रत्येक घराने एक घेतले आणि आपल्या घरातल्या सर्वांत वडील माणसाच्या हातावर ठेवले. एरवी धावतपळत उरकणारा हा कार्यक्रम त्या दिवशी रेंगाळला. एकच पान असल्यामुळे कोणाला द्यायचे याचा विचार करावा लागत होता. देणाराही थांबून देत होता, घेणाराही थांबून घेत होता.

नंदिनी घरीच होती. दुखवट्याच्या घरी सोने द्यायला कोणी येत नाही. दिवेलागणीला दार वाजले. रुपरावजी होते. त्यांनी त्या दिवशी मात्र उंबरा ओलांडला, शामलाबाईंच्या फोटोसमोर एक पान ठेवले, वाकून नमस्कार केला आणि निघून गेले.

पौषात शालिकरामांचा फोन आला. “ये वं पोरी, शेंगा पिकल्या. झाड वाजून राहिलं वाऱ्यानं.” नंदिनी मोनालीला घेऊन गेली. इतर गाड्यांनी दोन झाडे ओरबाडली होतीच. पण तिसऱ्यापाशी शालिकरामांनी नवमीला बाज टाकून ठाण मांडले होते. त्याच्या फांद्यांना गडद तपकिरी, टणक शेंगा लटकत होत्या. म्हाताऱ्याने झाडाला हात लावला, मग एक शेंग तोडून मोनालीच्या हातात दिली आणि दुसरी सोलून तिच्यातले बी धुऱ्याच्या ओलीला टोचले.

मोनालीने ती शेंग बाईंच्या पद्धतीने, बाईंच्याच रंगपेटीने रंगवली. सहा दिवस लागले. पेन्सिलीने आखलेली जागा भरली. मग तिने कागद नंदिनीपुढे सरकवला आणि टोक केलेली पेन्सिल दिली. उजवा कोपरा राहिला होता.

नंदिनीने तारीख लिहिली. तारखेच्या वर, खोडलेल्या विरळ जागेवर पेन्सिलीचे टोक टेकवून ती बराच वेळ बसली. आईचे अक्षर तिरप्या उजेडात अजूनही पुसटसे वाचता येत होते. तेच गिरवायचे होते. पण तिने न लिहिताच पेन्सिल उचलून बाजूला ठेवली.

प्रदर्शनाला पुष्कळ माणसे आली. बत्तिसाव्या चित्रापुढे थांबून अनेकांनी विचारले, हे झाड कुठे आहे हो? नंदिनी प्रत्येकाला एकच उत्तर देत होती : “आहे. अजून आहे.”

वाचकहो, झाडाचे सुंदर चित्र भिंतीवर लावणे सोपे आहे. त्याच्या नावाचा सण साजरा करणे त्याहून सोपे. ज्याचे कौतुक करायचे, त्याला फळ धरेपर्यंत जगू देणे, आणि कोणी त्याला ओरबाडत असेल तर भिडेपोटी गप्प न राहणे, एवढे आपल्याला जमले पाहिजे. येत्या दसऱ्याला हातावर एकच पान ठेवा. एक पुरते. ज्या दिवशी आपण सगळे एका पानावर समाधान मानायला शिकू, त्या दिवशी नंदिनी त्या कोपऱ्यात आपट्याचा पत्ता लिहील. तिने ती जागा मोकळी ठेवली आहे.